खानदेशात पिस्तूल नेमबाजी: सुरुवात कुठून करायची, मॅच कशी खेळायची आणि स्वतःचं पिस्तूल कधी घ्यायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही फोन येवो, नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, पिस्तूल कोणतं घेऊ?" शिकायचं कुठे, मॅच कधी असतात, हे सगळं त्याच्यानंतर. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन ब्राँझ आणली आणि आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर हे फोन फारच वाढले. हौस चांगली आहे, ती कोणी मोडू नये, पण क्रम उलटा धरला की पैसे जातात, वर्ष जातं आणि शेवटी ते महागडं पिस्तूल कपाटात पडून राहतं. म्हणून इथे सगळं ज्या क्रमाने करायला पाहिजे त्याच क्रमाने लिहितोय, आणि पिस्तूल विकत घेणं मुद्दाम खाली ठेवलंय.

आधी घरच्यांशी बोलून घ्या

आपल्या भागात पिस्तूल म्हटलं की घरच्यांच्या कपाळाला आठी पडतेच आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सातपुड्याच्या पट्ट्यातून येणारे गावठी कट्टे, ते पकडल्याच्या बातम्या, कुणाच्या तरी स्टेटसला हातात कट्टा धरलेला फोटो आणि दुसऱ्या दिवशी पोलीस दारात, हे सगळं त्यांनी वाचलेलं असतं. "हाई काय नवीन खूळ शे?" असं आजी विचारेलच. तर त्यांना नीट सांगा की आपण ज्याने सुरुवात करणार ते १० मीटर एअर पिस्तूल आहे, त्यात दारू नाही, काडतूस नाही, दाबलेल्या हवेवर साडेचार मिलीमीटरचा शिशाचा छर्रा जातो. कायद्याने ०.१७७ इंचापर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या एअर हत्याराला लायसन्स लागत नाही, आणि मॅचच्या एअर पिस्तुलाची ताकद तर ५-६ ज्यूलच्या आसपासच असते. तरी ते खेळणं नाही, डोळ्याला लागलं तर डोळा जातो, हेही तितकंच स्पष्ट सांगा.

आणि आत्ताच एक गोष्ट मनाशी पक्की करा. हातात पिस्तूल घेऊन रील नाही, स्टेटस नाही, हळदीत नाही, वरातीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नकार्यात हौसेने केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एअर पिस्तूल असलं तरी लांबून बघणाऱ्याला ते पिस्तूलच दिसतं, गावात एकदा नाव खराब झालं की पुढे लायसन्ससाठी पोलीस रिपोर्ट लागतो तेव्हा ते आडवं येतं.

रेंज शोधा आणि क्लबच्याच पिस्तुलाने सुरुवात करा

तुमच्या जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा की १० मीटरची रेंज कुठे चालू आहे. शाळेतल्या पोरापोरींसाठी तर हा रस्ता सगळ्यात सोपा, कारण शालेय क्रीडा स्पर्धांत नेमबाजी आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, नाव शाळेकडूनच जातं. कॉलेजवाल्यांनी आपल्या जिमखान्याच्या सरांना विचारावं, विद्यापीठाच्या टीममधून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येतं. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरची) रायफल मारलीय त्यांना शिस्त माहीत असते, पण पिस्तूल हा वेगळाच प्रकार आहे हे पहिल्याच दिवशी कळतं, रायफलला खांद्याचा आधार मिळतो, इथे एक हात सरळ पुढे आणि बस.

रेंज बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे फोटो आणि ट्रॉफ्या नंतर बघा, आधी हे बघा की तिथे सुरक्षेचे नियम पाळतात का. पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, कोणी टार्गेट बदलायला पुढे गेलं तर बाकीच्यांनी पिस्तूल उघडून टेबलावर ठेवून मागे सरकायचं, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग घालायचा. जिथे पोरं पिस्तूल हातात घेऊन मागे वळून गप्पा मारतात आणि कोच काहीच बोलत नाही, ती रेंज कितीही जवळ असो, तिथे जाऊ नका.

क्लबचं पिस्तूल जुनं असेल, ग्रिपला, म्हणजे मुठीला, चिकटपट्टी लावलेली असेल, चालेल. पहिले काही महिने तुम्ही जे चुकणार ते पिस्तुलामुळे चुकणारच नाही. शिवाय क्लबमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची पिस्तुलं असतात, स्टायर असतं, वॉल्थर असतं, कुणाकडे मोरिनी, पार्दिनी किंवा फाइनवर्कबाऊ असतं, सगळ्यांशी नीट वागलात तर पाच-दहा शॉट मारायला देतात, आणि हाच अनुभव पुढे खरेदीच्या वेळी कामी येतो.

हात, डोळा आणि ट्रिगर

इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

आधी तुमचा मुख्य डोळा कोणता ते बघा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबचा दिव्याचा खांब बघा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने खांब फटीतच राहतो तो मुख्य. उजवा हात आणि डावा डोळा असं निघालं तर घाबरू नका, कोचला सांगा, ग्रिप आणि उभं राहण्याचा कोन थोडा बदलून काम होतं. दुसरा डोळा मिटून धरू नका, चेहरा आखडतो, त्यापेक्षा त्याच्यासमोर ३० मिलीमीटरपर्यंत रुंद पट्टी लावायला नियमात परवानगी आहे.

आता साईट, म्हणजे पिस्तुलावर नेम धरायची सोय. पुढे एक उभी पट्टी, मागे खाच. खाचेत पट्टी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरचा काठ एका रेषेत. आता हे लक्ष देऊन वाचा. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर साधारण ३२ सेंटीमीटर असतं, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे साईट एकमेकींपासून फक्त १ मिलीमीटर सरकल्या तर छर्रा टार्गेटवर ३ सेंटीमीटरहून जास्त सरकतो. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी रिंग ८ मिलीमीटरवर असते, त्यामुळे तो १ मिलीमीटर तुम्हाला जवळजवळ चार रिंग बाहेर नेतो. उलट साईट एकमेकींशी जुळलेल्याच राहिल्या आणि सगळा हातच ५ मिलीमीटर खाली गेला तर छर्राही फक्त ५ मिलीमीटरच खाली जातो. म्हणून नवा माणूस हात हलतो म्हणून रडतो ते चुकीच्या गोष्टीवर रडणं आहे, हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही हलतो, फक्त त्यांच्या साईट जुळलेल्या राहतात. नजर पुढच्या पट्टीवर, ती एकदम स्वच्छ, आणि मागचा काळा गोल धूसर. गोल स्वच्छ दिसला की समजा नजर पळाली. बहुतेक जण काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्यात साईट धरतात, कारण काळ्यावर काळी पट्टी दिसतच नाही.

ट्रिगर. पेराच्या गादीचा मधला भाग, सरळ मागे, साईट जुळलेल्या असतानाच हळूहळू वाढत जाणारा दाब, आणि शॉट सुटला तरी तसंच एक-दोन सेकंद थांबायचं. "आता दहा दिसतोय, आत्ताच मारतो" म्हणून जो झटका बसतो त्याने उजव्या हाताच्या माणसाचे शॉट बहुतेक डावीकडे खाली जातात. हात उचलल्यावर साधारण पाच-आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. दहा सेकंद झाले, सुटला नाही, तर हात खाली. हे "हात खाली घेणं" जो शिकला तो निम्मा खेळ शिकला, कारण ओढून ताणून मारलेला शॉट सात-आठवरच जातो आणि तो सात सगळ्या मॅचमध्ये डोक्यात फिरत राहतो.

ग्रिपची गोष्ट खरेदीच्या भागात परत येणार आहे, पण आत्ता इतकंच की पिस्तूल हातात असं बसलं पाहिजे की डोळे मिटून हात वर केला, डोळे उघडले, तर साईट आपोआप जुळलेल्या दिसल्या पाहिजेत. मनगट वाकवून जुळवाव्या लागत असतील तर ग्रिप तुमच्या हाताची नाही. उभं राहणंही असंच तपासा, डोळे मिटून हात उचला, उघडल्यावर डावीकडे गेला असाल तर हात नाही, पाय सरकवायचे.

घरचा सराव

रोज रेंजवर जाणं सगळ्यांना जमत नाही, शहाद्याहून किंवा चोपड्याहून यायचं तर जाण्यायेण्यातच दिवस जातो. घरी सगळ्यात जास्त उपयोगाचा सराव म्हणजे ड्राय, म्हणजे छर्रा न घालता. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते. टार्गेट नाही, पांढरी कोरी भिंत, दोन-तीन मीटरवर उभं राहून फक्त साईट आणि ट्रिगर. ट्रिगर सुटताना पुढची पट्टी हलली का, एवढंच बघायचं. रोज वीस-पंचवीस मिनिटं, पण लक्ष देऊन. पिस्तूल मिळालं नसेल तर पाण्याची लिटरची बाटली सरळ हाताने धरून उभं राहा, खांदा तयार होतो.

छर्रा मारायचा असेल तर जागा बंदिस्त पाहिजे. गच्चीवर नाही, अंगणात नाही, शेजारच्या पोरांना काय कळतं. ज्यांच्याकडे जुना वाडा, जिनिंगचा रिकामा शेड किंवा केळीचं गोडाऊन आहे त्यांना सोपं, फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत बरोबर १० मीटर, मागे उभं राहायला दीड-दोन मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. मधे बाजूने उघडणारं दार असेल तर त्याला आतून कडी घाला. टार्गेटमागे तिरप्या लोखंडी पत्र्याची पेटी, म्हणजे छर्रा उलटा न येता खाली पडतो, आणि तरीही डोळ्यावर चष्मा. उजेडाचं लक्षात ठेवा, इनडोअर मॅचमध्ये टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड असतो, घरी साध्या बल्बच्या पिवळ्या उजेडात सराव केला तर मॅचला साईट वेगळ्याच दिसतात आणि माणूस गोंधळतो. छर्रे शिशाचे, त्यामुळे सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही, लहान पोरांना छर्ऱ्याच्या डबीला हात लावू द्यायचा नाही.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पहाटेच उरकून घ्या. तळहाताला घाम सुटला की ग्रिप फिरते, दर दोन-तीन शॉटनंतर रुमालाने हात कोरडा करायची सवय लावा. पिस्तुलाला लागणारा, दाबलेली हवा भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायचा नाही.

पहिली मॅच

तयारी पूर्ण झाल्यावर मॅच खेळू म्हणणारे कधीच खेळत नाहीत. ६०० पैकी ५०० च्या आसपास स्कोअर यायला लागला की जिल्ह्याची किंवा क्लबची खुली मॅच खेळून टाका.

१० मीटर एअर पिस्तुलाला ६० शॉट, जास्तीत जास्त ६००. बायकांना आधी ४० शॉट असायचे, २०१८ पासून सगळ्यांना ६०. आधी १५ मिनिटं तयारी आणि साईटिंग, त्यात कितीही शॉट मारा, मोजत नाहीत, मग मॅच. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं, कागदी टार्गेटवर ९०. दहाची रिंग साडेअकरा मिलीमीटरची आहे, शर्टाच्या बटणाएवढी, आणि रिंगच्या रेषेला छर्रा शिवला तरी वरचा गुण मिळतो.

मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोल असतो. तिथे बघतात की पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलीमीटरच्या पेटीत बसतं का, वजन १५०० ग्रॅमच्या आत आहे का, आणि ट्रिगर ५०० ग्रॅम वजन उचलतो का. पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन अडकवून उचलतात, त्याच्याआधी ट्रिगर सुटला तर नापास. बरोबर ५०० वर सेट करून जाऊ नका, प्रवासात, उष्णतेत थोडं इकडेतिकडे होतं, १०-२० ग्रॅम वर ठेवा. बूट घोट्याच्या खालीच असले पाहिजेत, उंच बूट चालत नाहीत. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला टेकता कामा नये.

आदल्या रात्री तिखटजाळ शेवभाजी नको, पोट जड झालं की सकाळी श्वास नीट बसत नाही, भाजी-पोळी खा आणि झोपा. लाइनवर गेल्यावर शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघू नका. "स्टार्ट" म्हटल्याशिवाय छर्रा भरू नका, "स्टॉप" म्हटलं की लगेच थांबा. मधे तीन-चार शॉट खराब गेले तर पिस्तूल खाली ठेवा, खुर्चीवर बसा, पाणी प्या, वेळ भरपूर असतो, नव्या पोरांची ६० शॉट चाळीस मिनिटांतच संपतात आणि मग बाकीचा वेळ पस्तावत बसतात.

जिल्ह्यानंतर राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय, प्रत्येक टप्प्याला ठरलेला स्कोअर लागतो आणि तो त्या वर्षीच्या सर्क्युलरमध्ये असतो, तेच बघायचं, कुणी सांगितलेल्या आकड्यावर जायचं नाही. मावळंकर म्हणजे आपले दादासाहेब, ग. वा. मावळंकर, राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष, ही संघटना १९५१ ला सुरू झाली. राज्याच्या मोठ्या मॅच बहुतेक पुण्याला बालेवाडीत नाहीतर मुंबईला, त्यामुळे आपल्या पोरांना महाराष्ट्र एक्सप्रेस पाठ होते. प्रवासात पिस्तूल कुलूप लावलेल्या केसमध्ये, सोबत बिल, संघटनेचं पत्र आणि मॅचच्या एंट्रीची प्रत, स्टेशनवर कोणी विचारलं तर न चिडता कागद दाखवायचे.

आता पिस्तूल

राज्य स्पर्धा एकदा खेळून झाली, स्कोअर ५३०-५४० च्या आसपास टिकायला लागला, आणि क्लबचं पिस्तूल तुम्हाला हवं तेव्हा मिळत नाही म्हणून सराव अडतोय, तर आता घ्या. घ्याच. चांगलं इंपोर्टेड मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं, म्हणजे घरात कापसाच्या नाहीतर केळीच्या पट्टीतून येणारा पैसा आहे, त्याचा मान ठेवून घ्या.

कंपनीवरून भांडत बसू नका. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवर्कबाऊ, सगळ्यांवर मोठमोठी मेडलं आहेत, क्लॅम्पला बांधून मारलं तर सगळीच एका भोकात मारतात. बघायचं ते वेगळं आहे. पहिली ग्रिपची साइज, एस, एम, एल, आणि डावी की उजवी. अर्धा तास हातात धरा, अंगठ्याच्या बेचक्यात पिस्तूल जितकं वर बसेल तितकं चांगलं, ट्रिगरवर बोट सरळ पोचतंय का बघा, तळहाताखालची फळी वरखाली होते ती तुमच्या हाताला लावून बघा. थोडंफार कमी-जास्त असेल तर कानस आणि लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) जुळवून घेता येतं, पण साइजच चुकली तर लांबी लावून लावून ग्रिप पेटीत बसेनाशी होते. दुसरं वजन. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला ९५० ग्रॅमचं पिस्तूल ६० शॉट जड जातं, थोडं हलकं किंवा कॉम्पॅक्ट मॉडेल घ्या. तिसरं ट्रिगर, यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिकचा ब्रेक, म्हणजे ट्रिगर सुटण्याचा क्षण, फार स्वच्छ असतो, पण जास्तीची बॅटरी केसमध्ये कायम पाहिजे आणि बिघडला तर आपल्याकडे दुरुस्त करणारा नाही, पुणे-मुंबईलाच पाठवावं लागतं. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात क्वालिफिकेशनच्या मधेच बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ करूनही फायनल हुकली. एवढ्या वरच्या पातळीवर हे होऊ शकतं, म्हणून सर्व्हिस कोण देणार हे दुकानदाराला आधी विचारा, किंमत नंतर.

सेकंडहँड घेत असाल तर सिलिंडर उलटा करून त्याच्यावर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरचं आयुष्य बनल्यापासून १० वर्षं, त्यानंतर तो वापरणं धोक्याचं आणि मोठ्या मॅचला चालतही नाही. अमळनेरच्या एका पोराला स्वस्तात म्हणून पिस्तूल विकलं गेलं, दिसायला नवंकोरं, दोन्ही सिलिंडर मुदतीबाहेरचे निघाले, नवे मागवले तेव्हा सगळा स्वस्तपणा निघून गेला. सिलिंडर २०० बारला भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलीय. नळीत उजेड धरून बघा, नळीच्या पुढच्या टोकावरचा कॉम्पेन्सेटर (हवा बाहेर सोडणारा भाग) शिशाने भरलेला आहे का बघा, बिलावरचा आणि पिस्तुलावरचा नंबर जुळवा. इंपोर्टचे कागद नसतील तर कितीही स्वस्त असो, नको. दुकानात नवं घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, पोर लहान असेल तर बिल आई-वडिलांच्या नावावर करा.

छर्ऱ्यांचं थोडक्यात. पुढून सपाट असलेले वॅडकटर, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी, हे चालतात, ५०० ची डबी असते. पिस्तुलाला हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे लोक जास्त घेतात. डोक्याची साइज ४.४९, ४.५० अशी लिहिलेली असते, दोन-तीन प्रकारच्या डब्या आणून ग्रुप मारून बघा, म्हणजे छर्रे किती जवळजवळ पडतात ते, आणि जो बसला तो एकदम जास्त घ्या. नवं पिस्तूल घेण्यात सगळे पैसे संपवून छर्ऱ्याला हात आखडणारे मी बघितलेत, त्यापेक्षा जुनं पिस्तूल आणि भरपूर छर्रे कधीही बरे.

आणि पॉइंट टू टू?

एअर जमायला लागलं की आवाज करणारं पिस्तूल पाहिजे वाटतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड मारलं ते २५ मीटर पिस्तुलात, पॉइंट टू टूने. हा इव्हेंट फार सुंदर आहे, पण इथून पुढे सगळं लायसन्सचं काम.

इव्हेंटचा हिशोब आधी करा, मग पिस्तूल. नियमात बसणारं एकच पॉइंट टू टू पिस्तूल, ट्रिगर १००० ग्रॅमचा, घेतलं तर त्याच्यावर २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल, स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर, तिन्ही होतात. सेंटर फायरला पॉइंट थ्री टू लागतं, ५० मीटर फ्री पिस्तुलाला वेगळंच पिस्तूल लागतं आणि तो इव्हेंट २०१६ नंतर ऑलिंपिकमध्ये राहिलेलाही नाही. म्हणजे पहिलं हत्यार एकच, पॉइंट टू टू. पार्दिनी एसपी, वॉल्थर एसएसपी, मोरिनीचं सीएम २२, ही नावं रेंजवर ऐकू येतील. बाजारात स्वसंरक्षणाचं म्हणून जे पॉइंट थ्री टू पिस्तूल मिळतं ते मॅचच्या कामाचं नाही. नऊ मिलीमीटर तर साध्या नागरिकाला मिळतच नाही. आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनतात म्हणून आपल्याला तिथून मिळतील असा गैरसमज बऱ्याच जणांना असतो, ती लष्कराची, आपली पॉइंट टू टूची गोळी लायसन्सवर, ठरलेल्या कोट्यात, डीलरकडून किंवा संघटनेमार्फतच.

शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. लायसन्सला वय २१ पूर्ण पाहिजे, त्याआधी देखरेखीखाली सराव करता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, फॉर्म ए-१, पोर्टलवर माहिती भरली जाते, यूआयएन नंबर (तुमचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडतो, पोलीस स्टेशनचा रिपोर्ट जातो, हत्यार सुरक्षित ठेवायची सोय दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने साध्या माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन होती. नेमबाजांना वेगळी सवलत आहे, नियमांत होतकरू नेमबाज आणि नामांकित नेमबाज असे प्रकार आहेत, आणि त्यात बसायचं तर स्पर्धेतला स्कोअर कागदावर लागतो. परदेशातून मागवायचं असेल तर राष्ट्रीय संघटनेची शिफारस लागते, तिथेही तोच स्कोअर. म्हणून म्हणतो की आधी मॅच. स्कोअर नसलेल्या माणसाची फाइल आणि स्कोअर असलेल्या माणसाची फाइल टेबलावर वेगळी दिसते.

२५ मीटरच्या सरावाला आपल्याकडच्यांना सहसा पुणे-मुंबईच गाठावं लागतं, त्यामुळे महिन्यातून किती वेळा जाणं होईल ते प्रामाणिकपणे मोजा. सुट्टीतच जमणार असेल तर तिथल्या क्लबचं हत्यार वापरून मॅच खेळा, स्वतःचं घरी तिजोरीत ठेवून काही उपयोग नाही. घेतलंच तर गोळ्या आणि पिस्तूल वेगवेगळ्या कुलपात, किल्ली एकाकडेच, आणि निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते तेव्हा मॅचचं वेळापत्रक आणि संघटनेचं पत्र घेऊन लगेच पोलीस स्टेशनला जा, शेवटच्या दिवशी नको.

अर्जाची फाइल मात्र आजपासूनच सुरू करा, एअर पिस्तुलाच्या पहिल्या जिल्हा मॅचपासून. प्रत्येक मॅचचं सर्टिफिकेट, स्कोअरशीटची प्रत, संघटनेच्या मेंबरशिपच्या पावत्या, शूटर आयडी, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे, आणि त्याचे दोन झेरॉक्स सेट. सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे का ते मॅचच्या दिवशीच, तिथल्या तिथे तपासा, नंतर एका अक्षरासाठी पुण्याला खेटे मारावे लागतात.